मेळ्यापर्यंत थांबा

डिसेंबर लागला की आमच्या शोरूममध्ये सगळे माशा मारत बसतात. खरं तर ग्वाल्हेरच्या थंडीत माशाही नसतात, त्यामुळे तेवढंही काम उरत नाही. काचा दिवसातून तीनदा पुसून होतात. विक्रीवरची मुलं हीटरभोवती कोंडाळं करून उभी राहतात आणि फोन वाजला की सगळ्यांच्या माना एकदम वळतात. फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो. "भैया, मेले में छूट मिल रही है कि नहीं?"

आमचं उत्तरही ठरलेलं. "ऑर्डर आते ही बताएंगे, सर."

ग्वाल्हेरबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे हिवाळ्यात मोठा मेळा भरतो आणि त्या मेळ्यात गाडी घेतली की रोड टॅक्स निम्मा माफ होतो. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवर इथलं अख्खं वर्ष तोललेलं असतं. सुटीचा म्हणजे सवलतीचा हुकूम भोपाळहून येतो आणि कधी येणार हे भोपाळलाच ठाऊक. एखाद्या वर्षी मेळ्याच्या आधी येतो, एखाद्या वर्षी मेळा अर्धा उलटला तरी पत्ता नसतो. तोवर भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी सगळीकडचे लोक श्वास रोखून बसतात. सराफ्यात गेलेला माणूस सोन्याचा भाव चढलेला असला तरी कुरकुरत का होईना, अंगठी घेऊनच घरी जातो. आमच्याकडे आलेला माणूस गाडीत बसतो, स्टिअरिंगवर हात फिरवतो, हॉर्न वाजवून बघतो, बायकोला मागच्या सीटवर बसवून जागा पुरते का ते विचारतो आणि उतरताना म्हणतो, "मेले में देखेंगे."

वीसएक वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. नुसतं ऐकलं असतं तर ठीक होतं. मी ते लोकांना शिकवलंही आहे, आणि त्याबद्दलच मला आज बोलायचं आहे.

काल दुपारी मेळ्याच्या मैदानावर आमच्या स्टॉलची जागा बघायला गेलो होतो. बांबू उतरत होते, पत्रे ठोकले जात होते, ओल्या रंगाचा वास सुटला होता. एका कोपऱ्यात कंबलवाल्यानं नुकताच गठ्ठा सोडला होता. नव्या लोकरीचा तो कुबट, उबदार वास नाकात गेला आणि मी दहा वर्षांचा झालो.

आमच्या लहानपणी मेळा म्हणजे कंबल. चिनीमातीच्या बरण्या, ज्या उचलून बघताना आई आमचे हात बांधून ठेवायला सांगायची. ताटाएवढा पापुद्र्यांचा खजला, जो खाताना अर्धा स्वेटरवर सांडायचा. आणि कडाक्याच्या थंडीत दात वाजवत खाल्लेली सॉफ्टी. भर जानेवारीत आइस्क्रीमसाठी रांग लावणारं गाव दुसरं असेल तर मला दाखवा. गाड्या तेव्हाही असत, पण एका कडेला. आम्ही त्यांच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेत असू आणि बाबांच्या स्कूटरवर चौघं बसून घरी येत असू.

आणि मेळा म्हटलं की मला इंदूकाकू आठवतात, कारण 'मेळा' हा शब्द मी त्यांच्याकडून शिकलो. शब्द म्हणजे त्यातला ळ.

दर्पण कॉलनीत आमच्या घरापासून तिसरं घर दत्ताकाका आणि इंदूकाकूंचं. काका शिक्षण खात्यात नोकरीला. काकू मूळच्या वाईच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि कॉलनीतल्या मराठी मुलांचं मराठी ऐकून त्यांच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. म्हणून दर रविवारी सकाळी त्या आम्हा सात-आठ पोरांना सतरंजीवर बसवून मराठी शिकवत. फी काही नाही, उलट शेवटी शिरा मिळे. आम्ही शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, घरी म्हणायला मराठी. हिंदीत ळ नाही, तो आमच्या जिभेवरही नव्हता. आम्ही शाला म्हणायचो, फला म्हणायचो, केलं खायचो. एका रविवारी मी धापा टाकत आत शिरलो आणि ओरडलो, "काकू, मेला लग गया! मोठा मेला!"

"कोण मेला?" काकूंनी शांतपणे विचारलं. "मेला म्हणजे वारला. जत्रा वारली का रे? मेळा म्हण. जीभ मागे वळव. मे-ळा."

मी जीभ मागे वळवली. ळ आला. पुढच्याच वाक्यात पळाला.

माझं हे असंच होतं. ठरवून, जपून बोललो तर ळ यायचा. रंगात आलो, धावत आलो, खरोखर काही सांगायचं असलं की ल. काकूंनी हे फार लवकर हेरलं. एकदा मी शुद्धलेखन न करता गेलो आणि वाटेत घोकलेलं कारण त्यांना ऐकवलं, "काकू, वेळ मिळाला नाही."

काकू हसल्या. "दोन्ही ळ किती सुरेख आले! घोकून आलास ना? खरंच वेळ मिळाला नसता तर 'वेल मिलाला नाही' म्हणाला असतास." सगळी पोरं खिदळली. त्या दिवशी माझा शिरा बुडाला नाही, पण काकूंशी खोटं बोलताना सांभाळून राहायचं हे मला कळलं.

मी मोठा झालो आणि गाड्यांच्या धंद्यात पडलो. पडलो म्हणजे दुसरं होतंच काय? इथल्या कापडगिरण्या बंद पडून माझ्या जन्माआधीच्या गोष्टींसारख्या झाल्या होत्या, शिकलेली मुलं पुण्याला आणि दिल्लीकडे जात होती, आणि जे इथे राहिले त्यांना गाड्यांनी उचलून धरलं. हे नाकारून चालणार नाही. मेळ्याचे ते दीड-दोन महिने बघा. सीट कव्हर शिवणारे रात्रीचा दिवस करतात. विमावाले, कर्जवाले, नंबरप्लेटवाले, काचेवर 'माँ का आशीर्वाद' चिकटवणारे, नारळवाले, बॉनेटवर घालायचे झेंडूचे हार करणारे, सगळ्यांच्या घरात या दिवसांत चूल जोरात पेटते. मुरैन्याकडून एकेका गाडीसाठी ट्रॅक्टर भरून माणसं येतात. आजोबा चावी घेतात, नातू चालवतो आणि बायका मागच्या सीटवर बसून काच वर-खाली करून बघतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे. माझं घर त्या आनंदावरच चाललं.

पण उरलेल्या दिवसांचं काय, हे कुणी विचारत नाही. दिवाळीनंतर शोरूम ओस. उन्हाळ्यात वर्कशॉपमधल्या मेकॅनिकांना सुटीवर पाठवतात, आणि ती सुटी पगारी नसते. सीट कव्हरवाला पावसाळ्यात भाजीची गाडी लावतो. मेळ्यात गाड्यांचं आवार दर वर्षी पसरत गेलं तसे कंबलवाले, बरणीवाले मागे मागे सरकले. कालचा कंबलवाला मला ओळखतो. म्हणाला, "अब तो सब गाड़ी देखने आते हैं, भैया. कंबल तो ठंड लगे तब याद आता है." मी एक कंबल घेतलं. गरज नव्हती, लाज वाटली म्हणून घेतलं. आणि एवढ्या गाड्या घेऊन लोक ठेवतात कुठे, तर जयेंद्रगंजच्या ज्या बोळांतून दोन सायकली अंग चोरून जातात, तिथे. गाडी उभी राहते, मालक पायी जातो.

यातलं सगळ्यात मोठं नुकसान मात्र मला फार उशिरा दिसलं. या टॅक्सच्या सवलतीनं अख्ख्या मुलखाला थांबायची सवय लावली. आमच्याकडे आता सगळंच मेळ्यापर्यंत थांबतं. मुलीला कॉलेजला सोडायला गाडी हवी असते, मेळ्यापर्यंत ती शेअरच्या टेम्पोत लोंबकळते. एखाद्याला नवीन टॅक्सी चालवायची असते, मेळ्यापर्यंत तो घरी बसतो. आणि हे वाक्य बोलणाऱ्यांना आपण शहाणे आहोत असं वाटतं. मलाही वाटायचं.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी दत्ताकाका आणि इंदूकाकू शोरूममध्ये आले. काका निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. काकूंनी काकांचा दंड धरला होता. मला वाटलं, वयामुळे. जवळ आल्यावर दिसलं की त्या माझ्याकडे पाहायला मान जरा जास्तच वळवत होत्या.

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "काचबिंदू आहे. एक आँख तर गेलीच समज. दुसऱ्यात खिडकीएवढं उरलं आहे. डॉक्टर म्हणतात, जे गेलं ते परत येत नाही, जे दाखवायचं असेल ते जल्दी दाखवा." मग जरा थांबून म्हणाले, "हिला सरसोंचं शेत बघायचं आहे. बस, एवढंच."

मला ती गोष्ट ठाऊक होती. काकूंनी आम्हाला सतरंजीवर कितीदा तरी सांगितली होती. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्या काकांबरोबर आगगाडीनं आग्र्याला गेल्या. मुरैना आलं आणि खिडकीबाहेर सगळं पिवळं झालं. "आमच्याकडे मोहरी म्हणजे फोडणीपुरती," त्या सांगायच्या, "डब्यातल्या वाटीत मावणारी. इथे ती संपेचना! आणि गाडी मेली थांबेना." नंतर संसारात, सासूसासऱ्यांच्या आजारपणात, काकांच्या बदल्यांत ते शेत कायम खिडकीबाहेरून पळत गेलं. त्यांना एकदा उतरून त्यात उभं राहायचं होतं.

काका लहान पांढऱ्या गाडीभोवती दोनदा फिरले. "अरे मिलिंद, तू तर घरचा माणूस आहेस. सही सही सांग, आज घेऊ की रुकू?"

आमच्या मालकांनी दसऱ्याला गाड्या खपवा म्हणून आठवडाभर आमच्या मागे तगादा लावला होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणालो, "काका, आज नका घेऊ. टॅक्स पूरा लागेल. मेल्यापर्यंत थांबा, आधा माफ होईल. तसंही मोहरी जानेवारीतच फुलते. दोन्ही एकदम."

"मेळ्यापर्यंत," काकूंनी सवयीनं दुरुस्त केलं. मग म्हणाल्या, "थांबू की. इतकी वर्षं थांबले, आणखी तीन महिने."

मी ते प्रेमानं सांगितलं होतं. मालकांच्या विरुद्ध जाऊन सांगितलं होतं. त्या रात्री मला स्वतःचा अभिमान वाटला, हे आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

मेळा लागला. हुकूम आला नाही. आज येईल, सोमवारी येईल, भोपाळला फाइल निघाली आहे, असं रोज कुणीतरी सांगायचं. आमच्या स्टॉलवर लोक गाड्या बघून, माहितीपत्रकं खिशात घालून सॉफ्टी खायला निघून जायचे. संक्रांतीला मी काकूंकडे गेलो. त्यांनी तिळगुळाचा लाडू उचलला, "तिळगूळ घे, गोड बोल," म्हणाल्या आणि माझ्या हातावर ठेवला. हातावर म्हणजे हाताच्या शेजारी. लाडू खाली पडून सतरंजीवर घरंगळत गेला. मी उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. काका खिडकीबाहेर पाहत राहिले.

"येईलच आता ऑर्डर," मी म्हणालो.

त्या दिवशी मी शोरूमची डेमो गाडी घेऊन आलो होतो. ती दारातच उभी होती, टाकी अर्धी भरलेली. मुरैन्याचा रस्ता तासाभराचा. उन्हं स्वच्छ पडली होती आणि तिकडे मोहरी कंबरेएवढी फुलून उभी असणार. मी काकूंना म्हणायला हवं होतं, चला, चप्पल घाला. किंवा काकांनी कधीही एक टॅक्सी बोलावली असती तरी झालं असतं. आम्ही तिघंही अडाणी नव्हतो. पण गाडी आणि ते शेत आमच्या डोक्यात एक होऊन बसलं होतं आणि गाडी तर मेळ्यातच घ्यायची होती. हे कुणालाही सुचलं नाही, यावर बाहेरचा माणूस विश्वास ठेवणार नाही. ग्वाल्हेरचा ठेवेल.

हुकूम फेब्रुवारीत आला आणि एकच झुंबड उडाली. इतके दिवस दम धरून बसलेली माणसं एका दमात आली. गाड्या अपुऱ्या, कागद करणारे अपुरे, नंबर येईना. मी ओळखीपाळखी वापरून काकांची गाडी पुढे काढली, तरी महिना सरत आला. गाडीवरचं सॅटिनचं कापड ओढायला मी काकूंच्या हातात टोक दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी बॉनेटवर हात ठेवला, चाचपडत हारापर्यंत नेला आणि विचारलं, "झेंडू ना?" तेव्हा मला कळलं की खिडकी बंद झाली आहे. उजेड आणि अंधार, एवढंच उरलं होतं.

तेव्हापासून मी गिऱ्हाईकाला एक जास्तीचा प्रश्न विचारतो. आज सकाळीच एक मुलगा म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आला होता. गाडी पसंत पडली आणि त्यानं नेहमीचं विचारलं, "रुक जाएं मेले तक?" मी म्हणालो, "पहले ये बताओ, गाड़ी चाहिए किसलिए?" तो माझ्याकडे बघतच राहिला. आमचे मालक काचेच्या केबिनमधून हसतात, म्हणतात, मिलिंदजी आजकाल गाड़ी नहीं, प्रवचन बेचते हैं. म्हणू देत. मुलगा विचार करतो म्हणून गेला. बहुधा मेळ्यातच येईल.

त्या वर्षी काकांची गाडी मिळाली त्याच दुपारी आम्ही निघालो. काकू मागे, काका माझ्या शेजारी, मी चालवत होतो. मुरैन्याच्या रस्त्याला लागलो तर दोन्ही बाजूंना आधी आमचीच दुनिया. शोरूमांचे फलक, कुंपण घातलेली आवारं, त्यांत उन्हात ओळीनं उभ्या नव्या गाड्या. यातल्या एका आवारात आमच्या मालकांच्या गाड्या उतरतात. मी नोकरीला लागलो तेव्हा तिथे मोहरी असायची. मग बानमोरचे कारखाने, ट्रकांची रांग, आणि त्यापुढे एकदाची शेतं.

मोहरी कापून झाली होती. उभं एकही रोप नव्हतं. नुसते खुंट, मध्येमध्ये काढलेल्या पेंढ्या, आणि लांब कुठेतरी मळणीची धूळ उडत होती. मी तरी पुढे गेलो, आणखी पुढे गेलो. एखादा उशिरा पेरलेला तुकडा दिसेल अशी आशा होती. नाही दिसला. शेवटी एका बाभळीखाली गाडी लावली. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आलं का रे?" काकूंनी विचारलं. त्यांनी काच खाली केली होती, हात बाहेर काढला होता. चेहरा उजळला होता.

"आलं, काकू."

"उतरव मला."

उतरवलं असतं तर पायाला खुंट लागले असते. "पाणी सोडलंय शेतात," मी म्हणालो. "चिखल आहे. इथूनच बघू."

"बरं. मग सांग. कसं दिसतंय?"

मी रस्त्यापलीकडच्या उघड्याबोडक्या जमिनीकडे पाहिलं. आवाज सावरला. शब्द मनातल्या मनात एकदा जुळवून घेतले. "सगळं पिवळं, काकू. पार डोळा पोचतो तिथवर पिवळं."

मळणीच्या धुळीचा वास गाडीत येत होता. मग काकूंनी हात आत घेतला, पदरानं पुसला आणि मागून माझ्या खांद्यावर ठेवला.

"किती स्वच्छ ळ काढलास रे," त्या म्हणाल्या. "पिवलं म्हणाला असतास, तर मी विश्वास ठेवला असता."